खाट कधीच उलटली नाही

१२ फेब्रुवारी

भावजी,

मायना लिहायला घेतला आणि पेन अडलं, म्हणून तो सोडून देते. फोनही मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही बोलता, मी ऐकते, आणि शेवटी तुमचंच बरोबर असावं असं वाटून मी फोन ठेवते. आज तसं व्हायला नको आहे.

काल तुमचा 'खाटखूट' पाहिला. तुम्ही पास पाठवलेत म्हणून मी आणि ठिणगी पहिल्याच खेळाला गेलो. ठिणगी नवा शर्ट घालून आला होता. सबंध आयुष्य वेल्डिंग करणाऱ्या माणसाकडे भोकं न पडलेला शर्ट असतो हे मला कालच कळलं. वाटेत म्हणाला, आता दादांचं काम लोकांना दिसेल. मीही मान हलवली. तुमचे दादा गेल्यापासून वर्कशॉप आम्ही दोघांनी कसंबसं चालू ठेवलंय, आणि आता त्यांच्या धाकट्या भावानं त्यांच्यावर सिनेमा काढला, तोही एवढे मोठमोठे नट घेऊन. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

मग दिवे गेले आणि पडद्यावर दोन येडे आले. एक तुमचे दादा, दुसरा ठिणगी. ते दाढी करायचं यंत्र काढतात, ते मिशीच उडवतं. भिजल्याशिवाय न उघडणारी छत्री काढतात. पायात चपला घालून देणारं यंत्र काढतात, ते सासऱ्यांना लाथ मारतं. यातलं एक तरी यंत्र आपल्या घरात कोणी केलं होतं का? ठिणगीला तुम्ही तोतरा केलात. तो कमी बोलतो, तोतरा नाही. आणि मी? ज्या नटीनं आजवर नुसतं पाठमोरं उभं राहून लोकांना रडवलं, तिच्या हातात तुम्ही लाटणं देऊन तिला दोन तास किंचाळायला लावलंत. माझं जाऊ द्या, मला त्या बाईची दया आली. इतकी गुणी माणसं तुम्ही गोळा केलीत आणि सगळ्यांना नुसतं धडपडायला लावलंत.

हे सगळं मी गिळलं असतं. म्हटलं असतं, सिनेमा फसला, कुणाचाही फसतो. पण मग ती खाट आली.

तुमचे दादा चाक फिरवतात, साखळी सुटते, खाट गर्रकन उलटते आणि अंथरुणाला खिळलेली आई उडून थेट धुण्याच्या टबात पडते. तोंडातून साबणाचे फुगे. हे तुम्ही तीनदा दाखवलंत, तिसऱ्यांदा सावकाश. सबंध सिनेमात थिएटर एकदाच हसलं, ते इथे. माझ्या शेजारचा माणूस तर हसता हसता ठिणगीच्या मांडीवर थाप मारत होता. ठिणगी समोर बघत बसून राहिला.

भावजी, ती तुमची आई होती. माझ्या सासूबाई. त्यांना कुशीवर वळवताना त्या ज्या कण्हायच्या, ते ऐकवेना म्हणून तुमच्या दादांनी ती खाट केली. हाताचं चाक, सायकलची साखळी, आणि माणसाला उचलावं न लागता हळूहळू या अंगावरून त्या अंगावर कलणारी फळी. ती उलटू शकतच नाही. खाली लोखंडाचा अडसर वेल्ड केलेला आहे, त्याच्या पुढे फळी जातच नाही. तो अडसर ठिणगीनं बसवला, आणि मी स्वतः त्या खाटेवर पडून दोन्ही बाजूंना तपासला. आई शेवटपर्यंत त्याच खाटेवर होत्या. खाट कधीच उलटली नाही.

आणि शेवटी काळ्या पडद्यावर तुमची पाटी: 'माझ्या दादाच्या आठवणीत. सत्य घटनांवर आधारित.'

असं का केलंत, एवढंच मला कळवा. कुशल विचारत नाही.

वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही चिडणार याचा थोडा अंदाज होता, पण इतक्या चिडाल असं वाटलं नव्हतं.

आधी एक सांगतो. इकडे माझी अवस्था काही हारतुरे घेण्यासारखी नाही. समीक्षकांनी धू धू धुतलंय. एकानं लिहिलं, इतके कसलेले कलाकार एका चौकटीत उभे आहेत आणि त्यातल्या एकालाही करायला काही दिलेलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, शोधकांवरच्या या सिनेमात शोधूनही काही सापडत नाही. चार वर्षं घालवली मी यात. बाहेरचे मारतात ते सहन होतं, पण घरातून असं पत्र आलं की माणूस खचतो.

वहिनी, सिनेमाची भाषा वेगळी असते. आजारी बाईच्या पाठीवरच्या जखमा आणि एक खाट, यावर दोन तास कोण बसणार? विनोद हा साखरेचा लेप असतो, त्यातून आत औषध जातं. मला दादाचं वेड दाखवायचं होतं. एक माणूस आईसाठी स्वतःला विसरून खिळे ठोकत बसतो, हे लोकांच्या मनात राहावं अशी इच्छा होती. दादा आज असता तर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला असता. तो स्वतःवर हसायचा, तुम्हाला ठाऊक आहे.

त्या पडण्याच्या प्रसंगाचं तुम्ही फार मनावर घेतलंत. साबणाचे फुगे सोडणारी म्हातारी बघून कोण म्हणेल की हे खरंच झालं? प्रेक्षक काही खुळे नसतात. त्यांना गंमत कळते. ती पाटी तर हल्ली सगळेच टाकतात.

ठिणगीला सांगा, त्याचं पात्र सगळ्यांना आवडलंय. आणि तुम्ही जेवत जा वेळेवर. रागात तुम्ही उपाशी राहता, हे दादा नेहमी सांगायचा.

तुमचा भावजी


४ मार्च

भावजी,

मी जेवले की नाही याची चौकशी नको. प्रेक्षकांना गंमत कळते म्हणालात, ती कशी कळली ते वाचा.

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आपल्या खाटा आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या मोठ्या सिस्टरांचा परवा निरोप आला, ताबडतोब या. गेले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर असतात. पक्षाघातानं एक बाजू गेलेली, पण बोलणं शाबूत आणि जिभेला धार. गेलं वर्षभर ते आपल्या खाटेवर आहेत आणि त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्यांचा मुलगा सहकुटुंब तुमचा सिनेमा बघून आला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सिस्टरांना म्हणाला की माझ्या वडिलांना सर्कशीत घालू नका, त्यांना साध्या पलंगावर हलवा. सिस्टरांनी त्याला खाटेखालचा अडसर दाखवला. तो म्हणाला, सिनेमातही असंच सगळं नीट दिसत होतं, आणि तो सिनेमा खाट बनवणाऱ्याच्या सख्ख्या भावानं काढलाय, त्याला माहीत नसणार तर कुणाला?

मी म्हटलं, मी त्या माणसाची बायको आहे, त्या घरात मी होते. तो हसून म्हणाला, तुम्हाला तर विकायच्या आहेत ना काकू.

मास्तरांना त्याच दुपारी साध्या पलंगावर टाकलं. त्यांचं बघून आणखी दोन घरांनी तेच केलं. सिस्टरांकडे माणसं इतकी कमी आहेत की प्रत्येकाला वेळच्या वेळी हातानं वळवणं त्यांना जमत नाही, आणि वळवलं नाही की पाठीला जखमा होतात. म्हणून तर खाटा घेतल्या होत्या. मोठ्या इस्पितळाचं आमच्याकडून खाटा घ्यायचं नक्की झालं होतं, ते आता 'विचार करून कळवतो' म्हणतात.

आणि ठिणगीचं पात्र आवडलं म्हणालात, ते खरंय. कोपऱ्यावरच्या टपरीवर पोरं त्याला बघून तोतरं बोलतात. तो अर्धा चहा तसाच ठेवून परत येतो आणि दिवसभर तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा काढत नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ते पडणं सिनेमातून कापा. आणि ती सत्य घटनांची पाटी काढा. मी भीक मागत नाही.

वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. माझा हेतू तसा नव्हता, हे तुम्ही जाणता.

तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं, पण आता सांगायला हवं. खाट उलटण्याचा प्रसंग माझा नाही. तो निर्मात्यानं घुसवला. त्याला ठोस हशा हवा होता. मी खूप विरोध केला, पण या धंद्यात दिग्दर्शकाच्या हातात तुम्हाला वाटतं तेवढं नसतं. सिनेमा त्याच्या मालकीचा आहे. कापाकापी करायला तो तयार होणार नाही आणि मला तसा अधिकारही नाही. पाटीचंही तेच.

पण एक दिलासा देतो. दिलासा म्हणायचं की दुःख, मलाच कळत नाही. सिनेमा उतरलाय. गेल्या शुक्रवारी शेवटच्या दोन थिएटरांतूनही काढला. रिकाम्या खुर्च्यांपुढे किती दिवस चालवणार? म्हणजे हा विषय आपोआपच संपला. जो बघणारच कुणी नाही, त्याचा त्रास तरी कुणाला होणार? महिनाभरात लोक विसरतील आणि मास्तरांचा मुलगाही विसरेल.

माझं काय, मी उठेन पुन्हा. तुम्ही मन शांत ठेवा.

तुमचा भावजी


३० मार्च

भावजी,

संपला म्हणता? तुमचा सिनेमा संपला. ते पडणं संपलेलं नाही.

सिनेमा कुणी पाहिला नाही हे खरं. पण कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फोनवर सोडलाय, चाक फिरवण्यापासून फुग्यांपर्यंत. तो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. भाजीवाल्याच्या, बँकेतल्या मुलीच्या, इस्पितळातल्या शिपायाच्या. इस्पितळात खाटांची बैठक होती, तिथे म्हणे आधी तोच लावला आणि सगळे पोट धरून हसले. मी आत जायच्या आधीच बैठक संपली होती. दोन तासांच्या सिनेमात तुम्ही म्हणता ते वेड, ती माया, काय असेल ते असेल, तेवढं सगळं गळून गेलं आणि आपली आई टबात पडते एवढंच जगात उरलं.

आता दुसरं. परवा वर्कशॉपच्या दारात एक गाडी थांबली आणि तुमच्या दादांचं काम केलेला तो मोठा नट उतरला. एकटाच. ठिणगीनं हातातलं काम खाली ठेवलं नाही, नुसती पाठ फिरवली. नट खाटेजवळ गेला आणि त्यानं विचारलं, चाक फिरवून बघू का? फिरवलं. अडसरापाशी फळी थांबली. त्यानं जोर लावला, ती हलली नाही. मग तो खाली स्टुलावर बसला आणि म्हणाला, मला शूटिंगच्या आधीच ही बघायची होती, तुमचे दीर म्हणाले की गरज नाही.

मी चहा दिला आणि निर्मात्याबद्दल विचारलं. त्याला काही उमगेना. निर्माता म्हणे शूटिंगला कधी फिरकलाच नाही. ते पडणं कथेत कुठेच नव्हतं. सिनेमा पुरा झाल्यावर तुम्ही ओळखीच्या लोकांना बोलावून दाखवलात आणि कुणी हसलं नाही. मग तुम्ही सगळ्यांना परत बोलावून खाटेचा प्रसंग नव्यानं घेतलात. नटानं त्या दिवशी काम करायला नकार दिला होता. तुम्ही त्याला समजावलंत की हे आमच्या घरात खरंच घडलंय, आई स्वतः हसत हसत सांगायची.

भावजी, तुम्ही मेलेल्या माणसाच्या तोंडी हे घातलंत. आणि मला कागदावर लिहून खोटं पाठवलंत, निर्मात्याच्या नावावर. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या स्टुलासमोर उभं असताना कळलं. परक्या माणसापुढे मला तुमची लाज वाटली. तो नट उठून ठिणगीकडे गेला आणि हात जोडून काहीतरी म्हणाला. ठिणगीनं मान हलवली, बास. तुमच्याकडून तेवढंही झालेलं नाही.

आता शेवटचं. मास्तरांच्या पाठीला जखम झाली आहे. कमरेच्या खाली, तळहाताएवढी. काल मोठ्या सिस्टर पट्टी बदलत होत्या, तेव्हा मी खोलीत होते. मी आईंच्या जखमा पाहिल्यात, खाट व्हायच्या आधीच्या, त्यामुळे मला वर्णन करता येईल. पण करणार नाही. तुम्ही या आणि बघा. तुम्हाला दृश्य दाखवायची हौस आहे, एक बघाही.

मन शांत ठेवा असं पुन्हा लिहू नका.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

मी येऊन गेलो. वृद्धाश्रमातून निघाल्यावर तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. वेल्डिंगचा आवाज येत होता. पुढे यायचा धीर झाला नाही. गाडी पकडून परत आलो.

नटानं सांगितलं ते सगळं खरं आहे. निर्मात्याचं मी खोटं लिहिलं.

आश्रमातलं सांगतो. मोठ्या सिस्टरांना मी नाव सांगितलं, तशा त्या पुढे चालू लागल्या. वर मास्तरांची खोली. पट्टी बदलायची वेळ होती, की त्यांनीच ती साधली, माहीत नाही. मास्तर भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. मुलगा खिडकीपाशी उभा होता. सिस्टरांनी पट्टी काढली. वहिनी, तुम्ही वर्णन केलं नाहीत ते बरं केलंत. मी दाराची चौकट धरली.

तेवढ्यात मुलानं मला ओळखलं. कुठल्याशा मुलाखतीत त्यानं माझा चेहरा पाहिला होता. तो एकदम खुलला. हात मिळवला. म्हणाला, तो टबाचा सीन काय भारी घेतलाय, आम्ही घरात रोज लावतो, माझी मुलगी तर जेवतच नाही तो लावल्याशिवाय. आणि फोन काढून माझ्या खांद्यावर हात टाकला, फोटोसाठी. मागे सिस्टर त्याच्या वडिलांची जखम धूत होत्या. मास्तर दातांवर दात दाबून होते. फोनच्या पडद्यावर मला माझा चेहरा दिसला, त्याचा हसरा चेहरा दिसला आणि आमच्या दोघांच्या मधल्या जागेत ती उघडी पाठ दिसली.

त्यानं फोटो काढला. मी काही बोलायच्या आत काढला.

मग मी म्हणालो की ते खरं नाही. तसं कधी झालं नाही. खाट उलटत नाही. तो म्हणाला, असू द्या हो, तुमच्या वहिनींचा धंदा आहे, तुम्हाला असं बोलावं लागणार. मी पुन्हा सांगितलं. तो समजुतीनं मान हलवत राहिला, जसा मी इतके दिवस तुमच्या पत्रांवर हलवत होतो. दोन तासांत मी कुणाला एक खरी गोष्ट पटवू शकलो नव्हतो, आणि एक खोटी अशी पटली होती की आता मलाच ती परत घेता येत नव्हती.

शेवटी मी आईचं सांगितलं. ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी घरी आलो होतो. एके सकाळी दादानं मला हाक मारली, ये, कपडे बदलायला मदत कर. त्यानं चाक फिरवलं, आई कुशीवर वळली, आणि मी तिची पाठ पुसली. इतकी वर्षं अंथरुणावर असलेली बाई, आणि पाठ नितळ, तान्ह्या मुलीसारखी. हे मी त्या मुलाला सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा झाला असेल ते माहीत नाही, पण त्याचं हसू हळूहळू गेलं.

त्यानं विचारलं, "मग तुम्ही सिनेमात तसं का दाखवलंत?"

मी म्हणालो, "हसू येत नव्हतं म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, मारणार. मारायला हवं होतं. त्यानं फोन खिशात टाकला, वडिलांच्या पलंगाजवळ गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुम्ही जा इथून."

मी गेलो. तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतंत, असं का केलं. तेव्हा मी साखरेचं आणि औषधाचं लिहिलं. खरं उत्तर वर लिहिलंय ते, तेवढंच आहे. ओळखीची माणसं समोर बसली होती, पडद्यावर एवढे नामी नट होते, आणि खोलीत खोकल्याशिवाय आवाज नव्हता. मला घाम फुटला. दादाकडे, आईकडे, कुणाकडे बघायचं मला सुचलं नाही.

तुम्ही म्हणाल ते करीन. खाटेवर एक छोटी फिल्म करतो, खरीखुरी, वर्कशॉपमध्ये येऊन. ठिणगीला घेऊन, तुम्हाला घेऊन. परवानगी द्या.

तुमचा
भावजी


९ मे

भावजी,

पत्र वाचून लगेच लिहायला बसले नाही.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नसणार. मास्तरांचा मुलगा वर्कशॉपमध्ये आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, काकू, मला एकदा त्या खाटेवर झोपू द्या. ठिणगीनं चाक धरलं. याही अंगाला कलवलं, त्याही अंगाला. वर झोपलेल्या माणसानं दोन्ही हातांनी कठडा पकडला होता, मग एक हात सोडला, मग दुसरा. उठून बसला आणि रडला. त्याच संध्याकाळी मास्तर आपल्या खाटेवर परत गेले. जखम भरतेय म्हणतात, पण फार सावकाश. या वयात पुरती भरेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

मास्तरांना मी विचारलं, तुमचं बोलणं तर शाबूत आहे, मग पलंग बदलला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? म्हणाले, मुलगा किती तरी दिवसांनी माझ्या खोलीत हसत आला होता. तो सीन सांगत होता आणि खदखदा हसत होता. मला वाटलं, हसतोय तर हसू दे.

हे ऐकल्यापासून मला तुमचा जो राग आलाय, तो पहिल्या पत्रातल्या रागापेक्षा मोठा आहे.

बाकीची दोन घरं परत आलेली नाहीत. इस्पितळाकडून उत्तर नाही. तो तुकडा अजून फिरतोय आणि फिरत राहणार. तुमच्या छोट्या खऱ्या फिल्मनं त्याला गाठता येणार नाही. पण करायची असेल तर करा. मला त्यात घेऊ नका. ठिणगीला तुम्ही स्वतः विचारा, आणि समोर उभं राहून विचारा, गल्लीच्या तोंडावरून नको. तो काय म्हणेल मला माहीत नाही. नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नका.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहून टाकते. मागच्या आठवड्यात सिस्टरांकडून फोनवर घेऊन मी तुमचा सिनेमा पुन्हा बघितला, घरी, एकटीनं, शेवटपर्यंत. पहिल्या वेळी मी त्या पडण्यानंतर शेवटच्या पाटीखेरीज काही पाहिलंच नव्हतं, डोळे उघडे होते एवढंच. शेवटाकडे एक जागा आहे. अर्ध्या मिनिटाचीही नसेल, आणि तिथे काही विनोद नाही. नट कामावरून उठून आईकडे येतो. तिच्या पाठीला हात लावायच्या आधी तो तळवे एकमेकांवर चोळतो, मग आपल्याच मानेला लावून बघतो, गार तर नाहीत ना. पुन्हा चोळतो. मग तिला हात लावतो.

तुमचे दादा असंच करायचे. दिवसभर लोखंडात काम, हात कायम बर्फ. आईंना गार हात लागला की त्या दचकायच्या. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. मी त्या नटाला फोन केला आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी सुचवलं? तो म्हणाला, तुमच्या दिरांनीच. स्वतः करून दाखवलं मला, दोनदा, आणि दाखवताना त्यांचे डोळे भरले होते.

म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत, भावजी. दारात उभं राहून, केव्हा तरी, तुम्ही हे नीट पाहिलं होतंत आणि इतकी वर्षं जपलं होतंत. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आमच्या घरात काय चाललं होतं, ती खाट कशाची बनली होती. काही माहीत नसणाऱ्या माणसानं असा सिनेमा काढला असता तर मी चार शिव्या घालून विसरले असते. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही ते अर्ध्या मिनिटात उरकलंत आणि टब तीनदा दाखवलात.

म्हणून हा राग मी सोडणार नाही. सोडता येत नाही आणि सोडायचाही नाही. तुम्ही घरी या. तुमची खोली आवरून ठेवली आहे. जेवा, चार दिवस राहा. राग त्याच घरात असेल, आपल्याबरोबर जेवायला बसेल. त्याला टाळून बसू नका.

वहिनी